‘मेल पाठवला आहे’ असं वेबसाइट म्हणते, पण मेल येतच नाही; नेमकं काय बिघडतं आणि ते आधी तपासतात कसं?

१७ जून २०२१ च्या रात्री अमेरिकेत ‘एचबीओ मॅक्स’च्या अनेक ग्राहकांना एक विचित्र मेल आला. विषयाच्या जागी लिहिलं होतं, ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल #१’. आत जेमतेम एक ओळ होती. हा नमुना फक्त चाचणीसाठी वापरला जातो, एवढाच तिचा अर्थ. ना नव्या सिनेमाची जाहिरात, ना कुठली ऑफर.

लोकांनी स्क्रीनशॉट काढले, ट्विटरवर टाकले आणि बघता बघता त्या मेलचे मीम झाले. कंपनीने चूक मान्य केली आणि हे एका इंटर्नकडून झालं, असंही सांगितलं. मग लोकांनी त्या इंटर्नला धीर देणाऱ्या पोस्ट लिहायला सुरुवात केली. अनेकांनी स्वतःच्या नोकरीतल्या घोडचुकाही सांगून टाकल्या.

जायला नको होता तो मेल गेला, म्हणून ही चूक जगाला कळली. पण उलटं झालं तर? म्हणजे जायला हवा होता तो मेल गेलाच नाही तर? त्याचा गाजावाजा होत नाही. न आलेल्या मेलचा स्क्रीनशॉट कोण काढणार?

समजा, एक विद्यार्थिनी प्रवेशाचा अर्ज भरते आहे. आज शेवटची तारीख आहे. नाव, पत्ता, मार्क सगळं भरून तिने बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, ‘तुमच्या ईमेलवर लिंक पाठवली आहे.’ दहा मिनिटं गेली, मेल नाही. स्पॅम फोल्डर पाहिला, तिथेही नाही. तिने पुन्हा नोंदणी करून पाहिली, तर उत्तर आलं, ‘हा ईमेल आधीच नोंदवलेला आहे.’ मग लॉगिन करून पाहिलं, तर म्हणे, ‘आधी ईमेलवरची लिंक उघडा.’ आता ती धड आतही नाही आणि धड बाहेरही नाही.

अशा वेळी दोष नेटवर्कला दिला जातो. पण मेल अडकणं ही रोजची गोष्ट आहे आणि ती पूर्णपणे कुणालाच टाळता येत नाही. खरी चूक असते ती मेल अडकल्यावर वेबसाइटने काय करायचं, हे आधी तपासलेलं नसण्याची. त्यासाठी डेव्हलपर आणि टेस्टर मेल मुद्दाम अडकवून बघतात. ते कसं करतात, हे समजून घेऊ. पण त्याआधी मेल जातो कसा, ते बघावं लागेल.

मेल ‘जातो’ म्हणजे काय होतं?

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या नेटवर्कवर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर संदेश पाठवला आणि पत्त्यात @ हे चिन्ह वापरलं. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेले मेल पोहोचवण्याचे नियम प्रसिद्ध झाले. ‘सिम्पल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल’ म्हणजेच एसएमटीपी हे त्यांचं नाव. २००८ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली, पण गाभा तोच राहिला.

तुम्ही बटण दाबता तेव्हा वेबसाइट थेट तुमच्या इनबॉक्समध्ये काही ठेवत नाही. ती मेल एका मेल सर्व्हरच्या हाती देते. तो सर्व्हर तुमच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग बघतो, त्या नावाचे मेल कोणता सर्व्हर घेतो ते शोधतो आणि त्याचं दार वाजवतो.

मग दोन सर्व्हरमध्ये बोलणं सुरू होतं. मी अमुक सर्व्हर. या व्यक्तीकडून मेल आणलाय. त्या व्यक्तीला द्यायचाय. घेताय का? प्रत्येक वाक्याला समोरचा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. उत्तर चांगलं आलं तरच गाडी पुढे सरकते.

पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं की आपलं काम संपतं, पण पत्र अजून पोहोचलेलं नसतं. ते पेटीतून निघतं, वाटेत एक-दोन ठिकाणी थांबतं आणि मग पोस्टमनच्या हातात येतं. मेलचंही तसंच आहे. फक्त सगळं इतक्या वेगात होतं की मधले थांबे आपल्या लक्षात येत नाहीत.

सर्व्हर आकड्यांत काय बोलतो?

त्या तीन आकडी उत्तरातला पहिला अंक सगळ्यात महत्त्वाचा. ४ आणि ५ या दोन अंकांत आपल्या गोष्टीचा बराचसा भाग आहे.

• २ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे ठीक आहे. २५० हे त्यातलं नेहमीचं.

• ३ म्हणजे इथवर बरोबर, पुढचं सांग. ३५४ आला की मेलचा मजकूर पाठवायचा.

• ४ म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने ये. ४२१ म्हणजे सेवा सध्या बंद, ४५१ म्हणजे आमच्याकडे काहीतरी अडचण आहे, ४५२ म्हणजे जागा कमी आहे.

• ५ म्हणजे नाहीच. ५५० म्हणजे हा मेलबॉक्स नाही किंवा आम्ही मेल घेणार नाही. ५५२ म्हणजे ठरलेल्या जागेची मर्यादा संपली. ५५४ म्हणजे व्यवहारच फसला.

यात एक वेगळा आकडा आहे, ५३५. वेबसाइट स्वतःच्या मेल सर्व्हरवर लॉगिन करते आणि तिचा पासवर्ड चुकीचा किंवा बदललेला असतो, तेव्हा हे उत्तर येतं. म्हणजे इथे चूक ग्राहकाची नाही, वेबसाइटची आहे. तरीही कित्येक वेबसाइट अशा वेळी ग्राहकालाच ‘कृपया योग्य ईमेल टाका’ म्हणून सांगतात. बिचारा माणूस स्वतःचा बरोबर असलेला पत्ता पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

एकाच ५५० मागे बरीच कारणं असू शकतात, म्हणून त्यासोबत टिंब असलेला आणखी एक कोड येतो. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलाय. ५.७ ने सुरू होणारे कोड म्हणजे सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणावरून नकार.

हा शेवटचा प्रकार अलीकडे जास्त महत्त्वाचा झाला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला साधारण ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळखखुणा लावाव्या लागतात. हा मेल खरोखर त्याच संस्थेकडून आला आहे का, हे त्यातून पडताळलं जातं. या खुणा नसतील तर अगदी खरा, कामाचा मेलही दारातून परत फिरू शकतो.

‘पाठवला’ आणि ‘पोहोचला’ यात फरक काय?

मेल तीन तऱ्हांनी फसतो आणि तिन्हींची वेबसाइटला मिळणारी खबर वेगवेगळी असते.

पहिली तऱ्हा जागच्या जागी फसण्याची. मेल सर्व्हर बंद आहे, पासवर्ड चुकलाय किंवा पत्ता लिहिण्यातच चूक आहे. इथे वेबसाइटला लगेच एरर मिळते. तुम्ही अजून स्क्रीनसमोरच असता, त्यामुळे तुम्हाला सांगणं शक्य असतं.

दुसरी तऱ्हा नंतर फसण्याची. वेबसाइटचा सर्व्हर मेल घेतो, ‘ठीक’ म्हणतो, पुढे निघतो आणि समोरच्या दारावर नकार मिळतो. मग तो पाठवणाऱ्याला परतीची चिठ्ठी लिहितो. तिला बाउन्स म्हणतात. इनबॉक्समध्ये ‘मेलर डीमन’ नावाने येणारं इंग्रजी पत्र अनेकांनी पाहिलं असेल, ते हेच. पण तोवर तुम्ही पेज बंद केलेलं असतं. वेबसाइटने ही चिठ्ठी वाचण्याची सोय केली नसेल, तर ती कुठल्यातरी न उघडल्या जाणाऱ्या इनबॉक्समध्ये पडून राहते.

या परतीच्या चिठ्ठीची एक गंमत आहे. तिच्यावर पाठवणाऱ्याचा परतीचा पत्ता मुद्दाम रिकामा ठेवतात. नाहीतर चिठ्ठीही परत आली की तिच्यासाठी दुसरी चिठ्ठी, मग तिसरी, असे दोन सर्व्हर एकमेकांना कायम पत्रं लिहीत बसतील.

तिसरी तऱ्हा सगळ्यात अवघड. समोरचा सर्व्हर मेल घेतो, २५० म्हणतो आणि तो स्पॅममध्ये टाकतो किंवा गुपचूप बाजूला काढतो. वेबसाइटला काहीच कळत नाही. तिच्या नोंदीत सगळं हिरवं असतं.

म्हणूनच ‘मेल पाठवला’ याचा अर्थ ‘कुणीतरी तो हातात घेतला’ एवढाच असतो. पीएचपी या भाषेत मेल पाठवण्यासाठी वर्षानुवर्षं वापरलं जाणारं एक फंक्शन आहे. ते ‘ट्रू’ म्हणालं तर मेल पुढे पाठवण्यासाठी स्वीकारला गेला, पण तो पोहोचेलच असं नाही, हे त्याच्या अधिकृत माहितीतच स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी या ‘ट्रू’वर विसंबून ‘मेल पोहोचला’ असं लिहिणाऱ्या वेबसाइट आहेतच.

मग वेबसाइटचं चुकतं कुठे?

मेल पाठवण्याचा कोड लिहिणं सोपं आहे, दोन-चार ओळींचं काम. डेव्हलपर तो लिहितो, स्वतःच्या पत्त्यावर मेल पाठवून बघतो, मेल येतो आणि काम झालं असं वाटतं. मेल न गेल्यावर काय होतं, हे त्याने पाहिलेलंच नसतं. त्यातून काही चुका हमखास होतात.

नोंदणीचा अर्धवट गुंता. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीचं झालं ते हेच. माहिती आधी जतन झाली, मेल नंतर फसला. वेबसाइटच्या लेखी खातं तयार आहे, पण किल्ली मालकाकडे पोहोचलेलीच नाही. यावर उपाय साधा आहे. ‘लिंक पुन्हा पाठवा’ हे बटण हवं आणि पत्ता चुकला असेल तर तो बदलण्याची सोय हवी.

पैसे गेले, पण ‘ऑर्डर झाली नाही’. काही ठिकाणी पैसे घेणं, ऑर्डर नोंदवणं आणि पावतीचा मेल पाठवणं हे सगळं एकापाठोपाठ एक, एकाच दमात केलेलं असतं. पैसे कापले जातात, शेवटी मेल पाठवताना एरर येते आणि स्क्रीनवर दिसतं, ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा.’ ग्राहक पुन्हा पैसे भरतो. फसला होता फक्त पावतीचा मेल, पण फटका बसला दुप्पट पैशांचा. पावती उशिरा आली तरी चालते. तिच्यासाठी ऑर्डर बुडता कामा नये.

एका चुकीच्या पत्त्यामुळे सगळे अडतात. समजा, ५०० उमेदवारांना मुलाखतीची तारीख कळवायची आहे. प्रोग्रॅम यादी घेऊन एकेक मेल पाठवत जातो. ३७ व्या उमेदवाराच्या पत्त्यात मधेच स्पेस पडली आहे. तिथे एरर येते आणि प्रोग्रॅम थांबतो. उरलेल्या ४६३ जणांना काहीच कळत नाही. त्यावर कडी म्हणजे कुणीतरी तोच प्रोग्रॅम पुन्हा सुरुवातीपासून चालवतो आणि पहिल्या ३६ जणांना तोच मेल दोनदा जातो.

जुना ओटीपी, नवा ओटीपी. मेल उशिरा आला म्हणून माणूस तीनदा ‘पुन्हा पाठवा’ दाबतो. मग तीन मेल एकदम येतात, तेही उलटसुलट क्रमाने. त्यातला शेवटचाच चालतो, पण शेवटचा कोणता हे कळायला मार्ग नाही. दोन-तीनदा चुकीचा ओटीपी टाकला की खातं बंद.

एरर गिळून टाकणं. काही वेळा कोडमध्येच लिहिलेलं असतं, मेल गेला नाही तरी आरडाओरडा करू नको. यामागे कारणही असतं. ‘रुबी ऑन रेल्स’ वापरून नवा प्रोजेक्ट सुरू केला, तर डेव्हलपरच्या स्वतःच्या मशीनसाठी तयार होणाऱ्या सेटिंग फाइलमध्ये मेलची एरर दाखवू नको, असंच लिहिलेलं असतं. काम करताना खरा मेल जाण्याची गरज नसते, म्हणून ती सोय. ‘जँगो’मध्येही मेल गुपचूप फसू देण्याचा पर्याय आहे. पण हीच सेटिंग चुकून खऱ्या वेबसाइटवर गेली, तर महिनाभर एकही मेल गेला नाही तरी कुणाला पत्ता लागत नाही.

मेल मुद्दाम अडकवतात कसा?

आता खरी चाचणी. इथे पहिला नियम एचबीओ मॅक्सच्या गोष्टीतलाच आहे. चाचणीचा मेल खऱ्या माणसाकडे जाता कामा नये. त्यासाठी इंटरनेटवर काही नावं कायमची राखून ठेवली आहेत. ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव आणि ‘डॉट टेस्ट’, ‘डॉट इनव्हॅलिड’ यांसारखे शेवट १९९९ पासून चाचणी आणि उदाहरणांसाठी बाजूला काढलेले आहेत. ते कुणालाही विकत घेता येत नाहीत. अंदाजाने ‘एबीसी ॲट जीमेल डॉट कॉम’ असा पत्ता टाकला, तर तो कुणाचातरी खरा निघू शकतो.

यानंतर चाचणी साधारण तीन पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी, मेल पाठवण्याचं नाटक. कोडमध्ये खऱ्या मेल पाठवणाऱ्याच्या जागी एक तोतया बसवतात. त्याला सांगून ठेवायचं, तुला मेल दिला की प्रत्येक वेळी ‘सर्व्हर बंद आहे’ म्हण. मग बघायचं की वेबसाइट काय करते. ही चाचणी काही सेकंदांत होते आणि कोड बदलला की दर वेळी आपोआप चालवता येते. जँगोमध्ये तर चाचणी सुरू असताना मेल बाहेर जातच नाही. तो मेमरीतल्या एका यादीत जमा होतो आणि टेस्टर तिथे मोजून बघतो, किती मेल निघाले, कुणाला निघाले.

दुसरी पायरी, खोटा मेल सर्व्हर. ‘मेलहॉग’ आणि ‘मेलपिट’ ही अशी दोन माहितीतली टूल्स. ती खऱ्या सर्व्हरसारखी वागतात, मेल घेतात, पण पुढे कुठेच पाठवत नाहीत. त्यांचं खरं कौतुक वेगळंच आहे. मेलहॉगमध्ये ‘जिम’ नावाचं एक खोडकर माकड सोडता येतं. ते मधूनच जोडणी तोडतं, मधूनच पत्ता नाकारतं. मेलपिटमध्येही अशी सोय आहे. दहापैकी तीन वेळा ४५१ दे किंवा लॉगिनच्या टप्प्यावर ५३५ दे, असं त्याला सांगता येतं. खऱ्या जगात सर्व्हर कधी बिघडेल हे आपल्या हातात नसतं. इथे तो हवा तेव्हा, हवा तसा बिघडवता येतो.

तिसरी पायरी, खऱ्या सेवेकडून खोटा बाउन्स. मोठ्या वेबसाइट बहुतेक वेळा मेल पाठवण्यासाठी बाहेरची सेवा घेतात. ‘ॲमेझॉन एसईएस’ ही त्यातली एक. तिने चाचणीसाठी खास पत्ते दिले आहेत. एकावर मेल पाठवला तर तो यशस्वी होतो, दुसऱ्यावर पाठवला तर बाउन्स होतो, तिसऱ्यावर पाठवला तर ‘हा स्पॅम आहे’ अशी तक्रार आल्यासारखं होतं. मेल गेल्यानंतर मागाहून येणारी वाईट बातमी वेबसाइट ऐकते की नाही, हे इथे कळतं.

हे खास पत्ते लागतात, कारण खऱ्या चुकीच्या पत्त्यांवर मेल पाठवून चाचणी करणं महागात पडतं. बाउन्सचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की ॲमेझॉन खात्याची तपासणी सुरू करू शकतं आणि १० टक्क्यांवर गेलं तर मेल पाठवणंच थांबवू शकतं. या खास पत्त्यांवरचे बाउन्स त्या हिशेबात धरले जात नाहीत.

चाचणीत बघायचं काय?

मेल अडकवणं हा अर्धा भाग झाला. अडकल्यावर वेबसाइट कशी वागते, याची यादी घेऊन बसावं लागतं.

• सर्व्हर उत्तरच देत नसेल, तर पेज किती वेळ फिरत राहतं? ठराविक सेकंदांनी थांबून ते काहीतरी सांगतं का?

• एरर आली तर स्क्रीनवर माणसाला कळेल असं वाक्य येतं, की कोडचं जंजाळ दिसतं? त्या जंजाळात सर्व्हरचं नाव किंवा पासवर्ड तर उघडा पडत नाही ना?

• भरलेला फॉर्म तसाच राहतो का, की सगळं पुन्हा भरावं लागतं?

• ४ ने सुरू होणारं उत्तर आलं तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न होतो का? आणि ५ ने सुरू होणारं आलं तर प्रयत्न थांबतो का?

• पुन्हा प्रयत्न करताना एकच मेल दोनदा तर जात नाही ना?

• एक पत्ता चुकला तरी यादीतल्या बाकीच्यांना मेल जातो का? कोण राहिलं, याची नोंद होते का?

• वेबसाइट चालवणाऱ्यांना खबर मिळते का?

पुन्हा प्रयत्न करण्याचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एसएमटीपीच्या नियमांप्रमाणे एकदा फसल्यावर निदान अर्धा तास थांबून पुन्हा प्रयत्न करावा आणि साधारण चार-पाच दिवस हार मानू नये. आजीला लिहिलेल्या पत्रासाठी हे छान आहे. पण दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी दुसऱ्या दिवशी पोहोचवून उपयोग काय? म्हणून कोणता मेल किती वेळ वाट बघू शकतो, हे वेबसाइटला स्वतः ठरवावं लागतं आणि ते तसंच होतंय का, हेही तपासावं लागतं.

शेवटच्या मुद्द्यात एक मजेदार सापळा आहे. मेल बंद पडले की ॲडमिनला कळवायचं, ही सोय बऱ्याच ठिकाणी असते. पण कळवायचं कसं? तर मेल पाठवून! मेल बंद पडल्याची बातमी त्याच बंद पडलेल्या मेलवर अवलंबून राहते. चाचणी करताना मेल खरोखर बंद पाडून बघितला, तरच हे लक्षात येतं. मग एसएमएस, चॅट किंवा डॅशबोर्डवरचा लाल दिवा असा दुसरा रस्ता शोधला जातो.

वेबसाइटने ग्राहकाला सगळं खरं सांगावं का?

इथे एक अडचण आहे. ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक करून पत्ता टाकला की अनेक वेबसाइट म्हणतात, ‘हा ईमेल आमच्याकडे नोंदवलेला असेल, तर लिंक पाठवली आहे.’ ‘असेल तर’ हे ऐकून चिडचिड होते. पण तसं लिहिण्यामागे कारण आहे. ‘हा पत्ता आमच्याकडे नाही’ असं स्पष्ट सांगितलं, तर कुणीही दुसऱ्याचा पत्ता टाकून त्या माणसाचं इथे खातं आहे की नाही, हे शोधू शकेल. आजाराशी संबंधित किंवा डेटिंगच्या वेबसाइटवर ही माहिती किती नाजूक असते, हे वेगळं सांगायला नको. म्हणून पत्ता असो वा नसो, उत्तर एकच द्यावं, असा सुरक्षेचा सर्वमान्य सल्ला आहे.

पण याच्याआड लपून मेल सर्व्हर बंद असतानाही ‘लिंक पाठवली आहे’ म्हणत राहणं, हे वेगळं. सर्व्हर सगळ्यांसाठी बंद असेल, तर ‘सध्या मेल पाठवण्यात अडचण आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं सगळ्यांनाच सांगता येतं. मात्र ते पत्ता नोंदवलेला असो वा नसो, दोन्ही वेळा दिसायला हवं. फक्त खातं असलेल्यांनाच ही एरर दिसली, तर तीच खबर मागच्या दाराने फुटते. त्यामुळे चाचणी करताना दोन्ही प्रकारचे पत्ते टाकून, सर्व्हर चालू आणि बंद ठेवून, चारही वेळा स्क्रीनवर काय येतं ते शेजारी शेजारी ठेवून पाहावं लागतं.

मेल आला नाही, तर तुम्ही काय करू शकता?

वेबसाइटची चाचणी तुमच्या हातात नाही, पण काही गोष्टी आहेत.

पत्ता एकेक अक्षर वाचून बघा. ‘जीमेल’च्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं मागेपुढे होणं ही अगदी नेहमीची चूक आहे. जीमेलमध्ये नावामधल्या टिंबाने फरक पडत नाही, पण स्पेलिंगने पडतो.

स्टोरेज बघा. गूगलच्या मोफत खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या सगळ्यांना मिळून १५ जीबी जागा असते. लग्नाचे व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप यांनी ती भरली की नवे मेल येणं थांबू शकतं. म्हणजे ओटीपी अडला असेल फोटोंमुळे!

‘पुन्हा पाठवा’ लगोलग चार वेळा दाबू नका. थोडं थांबा आणि एकापेक्षा जास्त मेल आले तर सगळ्यात नवा वापरा.

तुम्ही पाठवलेला मेल परत आला, तर ती इंग्रजी चिठ्ठी डिलीट करण्याआधी त्यातला आकडा शोधा. ४ ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा आपोआप पुन्हा प्रयत्न होतो. ५.१.१ असेल तर पत्ता चुकलाय. ५.२.२ असेल तर समोरच्याला फोन करून मेलबॉक्स रिकामा करायला सांगा.

आणि शेवटची तारीख असलेल्या कामात ‘मेल पाठवला आहे’ असं लिहिलेल्या पेजचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. न आलेल्या मेलचा फोटो काढता येत नाही, पण तो पाठवल्याचा दावा करणाऱ्या पेजचा नक्की काढता येतो. हेल्पलाइनवर तक्रार करताना तुमच्या हातात तोच पुरावा असतो आणि नेमका कोणत्या मिनिटाला मेल फसला, हे शोधायला त्यांनाही त्याचाच उपयोग होतो.